काचेआड निघालेली सायकल

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरची थोर मंडळी, त्या मंडळींच्या शेजारी स्टँडवर उभ्या केलेल्या सायकलबाई, आणि जमलेल्या श्रोतेहो,

तुमच्या कचेरीनं मला छापील भाषण पाठवलं होतं. 'सत्कारमूर्तींच्या मातोश्रींचे मनोगत.' माझं मनोगत मला न विचारता छापून आलं, केवढी ही तत्परता! पण मला अक्षर वाचता येत नाही. तेव्हा नाइलाजानं माझंच ऐकावं लागेल.

आत्ताच अध्यक्षसाहेब म्हणाले, की आज निवृत्त होणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी एकतीस वर्षं सायकल आणि रेल्वेनं नोकरी करून निसर्ग वाचवला. ऊर भरून आला हो. साहेब स्वतः दोन गल्ल्यांवरून मोटारीनं आले. म्हणजे निसर्गाचा केवढा भार माझ्या एकट्या मुलावर पडला असेल, बघा!

खरं सांगू? निसर्गाचा काही संबंध नाही. घरापासून स्टेशन तीन मैल, मग तासभर रेल्वे, मग इथल्या स्टेशनापासून कचेरी आणखी तीन मैल. म्हणून दोन सायकली. एक आमच्या स्टेशनावर दिवसभर उभी, दुसरी इथल्या स्टेशनावर रात्रभर उभी. दोन्हीकडे कुणीतरी वाट बघत असणं, असं भाग्य कितीजणांना लाभतं?

सहा-चाळीसची गाडी गाठायची म्हणून हा साडेपाचला उठायचा. म्हणजे आमची सूनबाई साडेचारला. याच्या उठण्यावर मानपत्रात दोन ओळी आहेत, नातीनं वाचून दाखवल्या. सुनेच्या उठण्यापर्यंत येईतो बहुधा कागद संपला.

असो. आज सकाळी कळलं, की इथली ही सायकल चिरंजीवांनी कचेरीला अर्पण केली. खाली दारात काचेचं कपाट तयार आहे, आत ही सायकल जाणार, वर दिवा. वा! जागची न हलता ती आता सगळ्यांना प्रेरणा देणार. कचेरीत हे काम करणारे आधीच बरेच आहेत म्हणा.

पण एक अडचण आहे. तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलीय ना, ती माझी सून. इथंच दातांच्या कवळ्या घडवतात, तिथं तिला काम मिळालंय. माझ्या तोंडात आहे ती तिनं शिकताना केलेली पहिली कवळी. तेव्हा मी जे काही बोलतेय, त्यात तिचाही हात आहे. सोमवारी तिला रुजू व्हायचंय. इथल्या स्टेशनापासून चार मैल, आणि सकाळच्या वेळी वाहन नाही. दोन महिने ती नवऱ्याला विचारतेय, "तुमची तिकडची सायकल मी घेऊ?" आणि हा म्हणतो, "बघू." बघता बघता यानं ती दान करून टाकली!

काय रे? पुटपुटू नकोस, तुझ्याही पुढं माईक आहे.

"आई, तिला सायकल येते तरी का?"

ऐकलंत? एकतीस वर्षांचा दांडगा अनुभव हा! अरे, वर्षभर दर रविवारी दुपारी तू घोरत होतास, तेव्हा तुझ्याच घरच्या सायकलवर ती मागच्या मैदानात शिकत होती. सीट धरायला मी. पहिल्या दिवशी दोघीही पडलो. ती उठली, मला उठवावं लागलं. आणि सीट परत वर करायचं आम्ही विसरायचो. दर सोमवारी हा करवादायचा, "ही सीट खाली कशी बसते?" पाच वेळा सायकलवाल्याकडून नट आवळून आणला यानं. त्या सायकलवाल्याला सगळं ठाऊक होतं. तो आपला गंभीरपणे म्हणायचा, "साहेब, वय झालं की बसतंच."

तेव्हा अध्यक्ष महाराज, कपाटात मानपत्र ठेवा. ते काही कुणाला कामावर न्यायचं नाही. आणि चिरंजीव, देतोस की नाही? 'बघू' म्हणालास तर मी बोलतच राहीन, आणि मंडळी, चहा मी बसल्यावरच येणार आहे.

किल्ली मला कशाला देतोस? तिसरी रांग. ऊठ, चालत जा.

हां.

साहेबांचे आभार, कचेरीचे आभार, चहावाचून ऐकणाऱ्यांचे दुप्पट आभार. बोलण्यात जास्त काही गेलं असेल तर पदरात घ्या. जे कमी पडलं, ते घरी गेल्यावर मुलाला ऐकवीनच. आता मधली वाट मोकळी करा, ती सायकल पायऱ्यांवरून खाली आणतेय.

बाळा, तू हात लावू नकोस. तिला जमतं.