लादीखालची ऊब

माझं गाव लांज्याच्या पण आत, नाव सांगून तुम्हाला काही कळायचं नाही, वीस-पंचवीस घरं, त्यातली निम्मी आता बंद. मी चौथीत असताना आमच्याकडे लाइट आली, पहिला बल्ब लागला तेव्हा आमची आई त्याला हात जोडायला गेलेली, सगळे हसले, मी नाही हसलो, मला तेव्हापासूनच त्या वायरींचं वेड. दहावी झालो, रत्नागिरीला आयटीआय केलं आणि मामानं बोलावलं म्हणून ठाकुर्लीला आलो, तो आजपर्यंत ठाकुर्लीतच आहे. मामा मानपाड्याच्या बाजूला एका केमिकल कंपनीत वायरमन होता, त्यानं मला तिथेच लावला. कडक माणूस. म्हणायचा, गजा, लाइट लागली म्हणजे काम झालं असं नाही, लाइट चुकीच्या कामानंपण लागते. बावीस वर्षं काढली त्या कंपनीत, मग ती बंद पडली, मामाही गेला, आणि मी घरगुती कामं घ्यायला लागलो, डोंबिवली, कल्याण, ठाणे, जिथून बोलावणं येईल तिथे.

तर ते बाळकुमचं. ते सांगायचं म्हणूनच बसलोय ना मी तुमच्यासमोर, नाहीतर माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय आहे.

बाळकुमला एक आगरी कुटुंब, पूर्वी शेती आणि मिठागरावर काम करणारं, नंतर जमिनीवर टॉवर आले आणि यांनी स्वतःसाठी तीन मजली बंगला बांधायला घेतला. घरातल्या कर्त्या मुलाला सगळे शेठ म्हणायचे, मीपण शेठच म्हणायचो. माणूस वाईट नव्हता हो, हे आधीच सांगतो. त्याची आई, बयाबाई, ऐंशीच्या पुढची, मी तिला आईच म्हणायचो. तिचं तारुण्य सगळं मिठागरात गेलेलं, खाऱ्या पाण्यात उभं राहून राहून पायांची वाट लागलेली, टाचांना भेगा, बोटांना संवेदना नाही, आणि रात्रंदिवस पाय थंड. त्यात नव्या घरात सगळीकडे गुळगुळीत मार्बल आणि वर एसी. ती म्हणायची, पाय माजं रायलंच नाय रं, दुसऱ्याचं लावल्यावानी वाटतान. चप्पल घाल म्हटलं तर घरान चप्पल घालतान का, म्हणायची. मग शेठ कुठेतरी परदेशात फिरायला गेलेला, तिथे त्यानं बघितलं की लादीच्या खाली वायरची जाळी टाकतात आणि लादी गरम राहते. आईसाठी हे करायचंच, म्हणाला. आता ठाण्यात, जिथे आपण घामानं मरतो, तिथे गरम लादी, मला हसू आलेलं खरं, पण तिचे पाय बघितले आणि हसू गेलं.

मी असलं काम आधी केलेलं नव्हतं. त्या जाळीबरोबर इंग्रजी पुस्तक होतं, माझी भाची कॉलेजात शिकवते, तिला बसवून ते पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून घेतलं, वहीत मराठीत उतरवलं. गरम होणारी वायर कधी कापायची नाही, एकावर एक येऊ द्यायची नाही, कपाटाखाली टाकायची नाही. तिची लाइन डीबीतून, म्हणजे घरातल्या फ्यूज-स्विचच्या पेटीतून, वेगळी न्यायची आणि त्या लाइनवर ईएलसीबी लावायचा, म्हणजे करंट कुठे जरा जरी गळायला लागला की तो माणसाला लागायच्या आत लाइन तोडतो. आणि मेगर मारायचा तीन वेळा, मेगर म्हणजे आमचं मीटर, वायरचं कवच आतून धड आहे का ते सांगतं. एकदा जाळी खोक्यातून काढल्यावर, एकदा जमिनीवर अंथरल्यावर, आणि एकदा वर लादी बसल्यावर. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, कारण लादीवाला काय करून गेला ते डोळ्यांना दिसत नाही.

घराचं अर्थिंगपण आधी कोणीतरी नावापुरतं केलेलं, हिरवी वायर भिंतीतून आलेली आणि बाहेर कशालाच जोडलेली नाही, नुसती लोंबकळत होती. मी मागच्या अंगणात खड्डा मारायला लावला, कोळसा आणि मीठ आणवलं. बयाआई खुर्ची टाकून बघत बसलेली. मिठाची गोण ओतायला लागलो तर म्हणाली, कनाला टाकतंस रं मीठ जमिनीन? आमी उभा जलम जमिनीनशी मीठ काढला, न तू परत पुरतंस? मी म्हटलं आई, मीठ ओल धरतं, घरात कुठे करंट फुटला तर तो ह्या वाटेनं जमिनीत जातो, तुम्हाला लागत नाही. ती म्हणाली, बरा हाय मंग, टाक अजून दोन मुठी. रोज दुपारी मला विचारायची, जेवलास का रं. रोज. माझी आई जाऊन तेव्हा नऊ वर्षं झालेली, आता मला असं कोण विचारणार.

जाळी तिच्या खोलीत आणि पुढे बेसिनपर्यंत टाकली. दोन्ही वेळा मेगर चांगला आला. मग लादीवाले आले, त्यांना मी हात जोडून सांगितलं, बाबांनो, खाली वायर आहे, लादी कापायची ती बाहेर नेऊन कापा. दोन दिवस कल्याणला दुसरं काम होतं, तिकडे गेलेलो. परत आलो, लादी बसलेली, सुंदर दिसत होती. मेगर लावला आणि काटा खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. ईएलसीबी चालू केला की खटकन पडायचा.

शेठला सांगितलं, कुठेतरी वायर कापली गेलीय, लादी उचलावी लागेल. तो म्हणाला, गजाभाऊ, वेड लागलंय का, चार दिवसांवर वास्तुशांत आलीय, पाचशे माणूस जेवणार आहे, आणि तुम्ही मार्बल फोडा म्हणता? मी म्हटलं, शेठ, हे मशीन खोटं नाही बोलत. तो म्हणाला, मग ते पडणारं काढून टाका ना, त्याच्याशिवाय गरम होतं ना? मी म्हटलं, होईल गरम, पण मी काढणार नाही, माझ्या हातानं नाही होणार ते. तो फोन घेऊन गच्चीवर निघून गेला.

मी काय केलं, ती लाइन डीबीतून सोडवली, टोकांना टेप मारली आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं, चालू करू नये, धोका आहे. शेठला सांगितलं, शेठच्या बायकोला सांगितलं, इंटिरियरवाल्याला फोन करून सांगितलं. आणि बयाआईला नाही सांगितलं. काय सांगू तुम्हाला, ती दारात उभी होती, अनवाणी, म्हणाली, कवा व्हतं गरम? आणि मी म्हटलं, होईल आई, जरा काम बाकी आहे. एवढंच बोललो आणि निघालो. तिचा आनंद मोडवला नाही माझ्याच्यानं. माझ्या मनात आलेलं की वास्तुशांत झाली की शेठ बोलावील, लादी उचलू, होईल सगळं. पण तिथे पाय ठेवणार होती ती, शेठ नाही, इंटिरियरवाला नाही. तिलाच सांगायचं राहिलं.

दीड-दोन महिन्यांनी शेठचा फोन आला, रडत होता. आई बेसिनजवळ पडली, कंबरेचं हाड मोडलं. वास्तुशांतीच्या आधी त्यानं दुसरा वायरमन आणून ईएलसीबी सोडून थेट लाइन जोडून घेतलेली, आणि इतके दिवस काही झालं नाही, लादी गरम व्हायची, आई खूश होती. त्या सकाळी ती आंघोळ करून ओल्या पायांनी आली आणि बेसिनच्या नळाला हात लावला. मी गेलो, आधी मेन बंद केला, मग लादी फोडली. बेसिनच्या कोपऱ्यात लादी बसत नव्हती म्हणून लादीवाल्यानं ती जागेवरच कटरनं कापलेली, खाली वायरीवर बोटभर घाव, वायरीभोवती अर्थच्या तारांचं वेष्टन असतं तेसुद्धा तिथे कापलेलं. मी ती वायर शेठच्या हातात दिली. तो खाली बसला, तिथेच, त्या फुटक्या लादीवर.

मग म्हणाला, आईला आम्ही सांगितलंय की पाय घसरला, तुम्हीपण तेच सांगा, गजाभाऊ, मुलानं केलं हे कळलं तर ती जगायची नाही.

मी खोलीत गेलो. ती गादीवर, अर्धी झालेली. मला बघून म्हणाली, जेवलास का रं? मग म्हणाली, तुजी लादी बरी व्हती, माजीच चूक, वल्या पायान गेलू, म्हातारीला अक्कल नाय. शेठ माझ्या मागे उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. एकदा मी तिला सांगायचं टाळलेलं. पुन्हा नाही जमलं. म्हटलं, नाही आई, तुम्ही घसरला नाहीत, वायर कापलेली होती, करंट लागला तुम्हाला, आणि ते मला माहीत होतं, मी सगळ्यांना सांगितलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. शेठचं नाव मी घेतलं नाही. तोच पुढे आला, तिच्या पायाशी डोकं ठेवून म्हणाला, आय, मी जोरून घेतला.

तिनं एवढंच विचारलं, आता बंद केलास का तो? दुसऱ्या कुनाला लागल नय तं. मी म्हटलं, केला आई, कायमचा केला. तिनं लेकाच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे काही बघितलं नाही, आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी तिनं मला जेवलास का विचारलं, ते शेवटचं.

अडीच महिन्यांत ती गेली. मला शेजारच्या इमारतीच्या वॉचमनकडून कळलं, तोवर दहावापण झालेला. शेठनं कळवलं नाही, त्याचा राग नाही मला. त्यानं नंतर त्या खोलीला कुलूप लावलं म्हणतात. मी त्या रस्त्यानं जात नाही.

लोक म्हणतात, गजाभाऊ, तुमची काय चूक, तुम्ही तर लाइन सोडवलेली. बायको तर रोज म्हणायची. असेल. कायद्यानं नसेल माझी चूक. पण मी काय लपवलं ते मला माहीत आहे, आणि त्याला कायदा नाही लागत.

आता साठी झाली, एका डोळ्यात मोतीबिंदू, शिडीवर चढू देत नाही बायको. तरी छोटी कामं घेतो. काम संपलं की घरात जे कोणी राहतं त्या सगळ्यांना बोलावतो, म्हाताऱ्यांना, भांडीवालीला, शाळेतून आलेल्या मुलीला, सगळ्यांना डीबीसमोर उभं करतो, ईएलसीबीचं टेस्टचं बटण त्यांच्याच हातानं दाबायला लावतो, हे असं पडायला हवं, नाही पडलं तर मेन बंद करा आणि मला बोलवा. लोकांना कंटाळा येतो, हसतात, म्हणतात काका किती बोलता, आणि पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतात. बोलावू देत. भांडीवाली मात्र नीट ऐकते, मी बघितलंय, लादी तीच पुसते ना.

असं आहे. लिहा तुम्ही, जसं सांगितलं तसं लिहा, शेठला वाईट म्हणून लिहू नका. चहा गार झाला तुमचा, थांबा, दुसरा सांगतो.