मागचं डावं चाक

— नाही नाही, बोलू नका. मान पण हलवू नका. तुम्ही नुसतं ‘हो’ म्हणालात तरी पुढच्या डाव्या काट्यावर आकडा नाचतो, आणि मग मला सगळं परत पहिल्यापासून लिहावं लागतं — तिसरी वेळ आहे काका ही. हात स्टिअरिंगवर. पाय पेडलवर, पण दाबायचं नाही. हेल्मेट? राहू दे डोक्यावर, शर्यतीत काय उघड्या डोक्याने बसणार आहात? दीड किलो भरतं ते, तेही मोजायला हवं. पट्टे काचतायत? काचणारच, त्यासाठीच असतात. दहा मिनिटं कळ काढा. चार चाकांखाली चार काटे आहेत, कुठल्या चाकावर किती वजन पडतंय ते त्यावर कळतं, आणि तुम्ही आत बसल्याशिवाय त्या आकड्यांना काही अर्थ नाही — कारण पन्नास वर्षांची ही एवढीशी गाडी, रिकामी सहाशे चौतीस, आणि त्यात तुम्ही. कागदावर स्वतःचं वजन अठ्ठ्याहत्तर लिहिलंय तुम्ही. काटा शहाऐंशी म्हणतोय. हेल्मेटचं दीड वजा केलं तरी चौऱ्याऐंशीच्या वरच. असू दे, सगळेच लिहितात. हसू नका, हललं बघा.

आता त्या लाल स्प्रिंगा. तुम्ही सोबत आणलेल्या. खोक्यातून काढून टेबलावर मांडल्यात मी, बघितल्या, छान आहेत. पण रंग बघून घेतल्यात ना? खरं सांगा — नको, सांगू नका, डोळे मिटलेत तेवढं पुरे. यातली एक स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबायची तर वर पन्नास किलो ठेवावे लागतात. मी म्हणते, पुढे तीसची घाला, मागे पस्तीसची. मऊ वाटतं ना? तुमच्या मित्रांनी सांगितलं असणार, शर्यतीची गाडी म्हणजे दगडासारखी हवी. तुमच्या वयाच्या सगळ्या मंडळींना हेच वाटतं, कडक म्हणजे चांगलं, मग ती गाडी असो की मुलगी वाढवणं असो — जाऊ दे. मुद्दा असा की या गाडीचा सांगाडा पातळ नळ्यांचा आहे, टायर जुन्या पद्धतीचे, अरुंद, रस्ता धरतात तो जेमतेम. पन्नासची स्प्रिंग घातलीत तर स्प्रिंग दबायची नाही, तिच्याऐवजी सांगाडा पिळेल, आणि वळणावर जरा उंचवटा आला की चाक हवेत. हवेतलं चाक वळवून काय मिळणार तुम्हाला? मऊ स्प्रिंग चाक खाली धरून ठेवते. आणि ती उड्या मारत बसू नये म्हणून शॉकअप. स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप तिला आवरतो. कॉलेजात यावर चार महिने घातले आम्ही, पण आहे एवढंच.

बाबा काय म्हणतात? वाटलंच, हे विचारणार. दोन किलो उडाला काटा तुमच्या प्रश्नाने. बाबा वर जेवतायत. तो लोखंडी जिना आहे ना कोपऱ्यात, तेरा पायऱ्या चढलं की आमचं घर. शाळेतून आले की दप्तर इथे, त्या लेथच्या बाजूला, अभ्यास इथे, ताप आला तरी एखाद्या गाडीच्या मागच्या सीटवर झोपवायचे, वर एकटी नको म्हणून. कॉलेज संपलं आणि परत इथेच. तेरा पायऱ्या खाली, तेरा पायऱ्या वर. असो, जेवले की उतरतील, तोवर हळू बोलते मी. बाबा काटे वापरत नाहीत. काटे मी आणले. बाबा चाकावरच्या पत्र्यावर तळवा ठेवायचे, एकदा दाबायचे, सोडायचे, गाडी कशी वर येते ते बघायचे, आणि सांगायचे, पुढे बत्तीस, मागे सदतीस. झालं. पहिल्यांदा मी काटे आणून, हिशोब मांडून त्यांना खोटं पाडायला गेले — हो, त्यासाठीच, मला तेव्हा भारी हौस होती — तर फरक किती निघाला माहितीये? एका किलोचा. तोही माझ्या बेरजेत. लहानपणी माझा तळवा पत्र्यावर ठेवायचे, वर स्वतःचा, आणि दाबायचे. म्हणायचे, थांब, लगेच हात काढू नकोस, ती सांगेल. आणि ती खरंच सांगायची. आजही सांगते. मी हिशोब करते तो फक्त तुमच्यासारख्यांना कागद दाखवायला.

‘दाबायचे’, ‘सांगायचे’ असं का म्हणाले मी? सवय. आता काटे आहेत म्हणून. डावीकडे झुकू नका.

हां. कळलं. स्प्रिंगा कुठल्याही घाल, पण शॉकअपची बटणं बाबांच्याच हातून फिरवलेली हवीत, माझ्या नकोत. तोंडावर बोललात ते बरं झालं, बाकीचे बाबांना कोपऱ्यात नेऊन कुजबुजतात आणि मी जणू बहिरी. म्हणजे गेल्या महिन्यातलं तुमच्या कानावर आलंय. दातांच्या डॉक्टरांची ती हिरवी गाडी. उजव्या वळणावर गरकन फिरली आणि भिंतीला लागली, डॉक्टरांचं मनगट मोडलं. दातांच्या डॉक्टरांचं मनगट, काका — दोन महिने दवाखाना बंद. आणि कुणामुळे, तर गॅरेजवाल्याच्या शिकलेल्या मुलीमुळे. ऐकणारच तुम्ही. जुन्या गाड्यांची तुम्ही सगळी मिळून पंधरा-वीस माणसं, एकाला शिंक आली तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत.

पण काय झालं होतं ते तरी नीट ऐका, म्हणजे तुमच्या गाडीचं कळेल. शॉकअपच्या बुडाशी गोल बटण असतं. फिरवलं की खट, खट, खट. एकूण चोवीस खटके. शेवटपर्यंत आवळायचं आणि मग उलटं मोजत यायचं — आवळलेल्या बाजूने सहा, म्हणजे चांगलं घट्ट. नेहमी त्याच बाजूने. हे या कामातलं पहिलं अक्षर आहे, इथे झाडू मारायला येणाऱ्या बाईंनाही पाठ असेल. डॉक्टरांच्या गाडीचं मागचं उजवं बटण बरोबर झालं. आवळलं, सहा मागे, उत्तम. मग फोन वाजला, बोलणं झालं, परत येऊन डाव्या चाकाशी बसायचं तर ते बटण आधीच पूर्ण सैल करून ठेवलेलं, आणि चष्मा कपाळावर तसाच, खालची खूण दिसलीच नाही — तिथून मोजले सहा. सैल बाजूने. म्हणजे एका अंगाला घट्ट आणि दुसऱ्या अंगाला पार ढिली. डाव्या वळणावर गाडी शहाण्यासारखी गेली. उजव्या वळणावर सगळं वजन डावीकडे आलं, आणि मागच्या डाव्या चाकापाशी तिला आवरायला कुणी नव्हतंच.

कुणाचा चष्मा? चष्मा — माझा. म्हणजे. तुम्ही हेल्मेटच्या आत बसून फार बारीक ऐकता हो.

मी चष्मा लावत नाही. दिसतंयच तुम्हाला, नाकावर खूण पण नाही. बरं मग. आता ऐकलंतच तर पूर्ण ऐका, अर्धवट घेऊन जाऊ नका. मी तेव्हा तिथे नव्हतेही, टायर आणायला गेले होते. आल्यावर बाबा म्हणाले, झालीये गाडी, आणि मी तपासली नाही. बाबांनी केलेली गाडी कोण तपासतं? शर्यतीनंतर मी खाली वाकून बटण मोजलं तेव्हा कळलं. आणि बाबा माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि सगळ्यांसमोर — डॉक्टरांची बायको, ती रुग्णवाहिकेतली पोरं, तुमची ती सगळी टोळी — म्हणाले, एवढी शिकवली तुला, चोवीसपर्यंत मोजता येत नाही? मी म्हटलं, हो बाबा, चुकलं माझं. कोण जाणे का म्हटलं. मी आयुष्यात कुणाचं ऐकून घेत नाही, शेजारीपाजारी विचारा. ते नाटक करत असते ना काका, तर मी तिथेच भांडले असते, सगळ्यांच्या देखत. नाटक नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की बटणं मी फिरवली. डोळ्यांत दिसत होतं. माझ्यावर रागावलेले, आणि माझी लाज वाटत असलेले.

आई म्हणते, वय झालंय, मी नाही का परवा किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या. आईच्या किल्ल्यांनी कुणाचं मनगट मोडत नाही. बाबांना डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, चुका तू करायच्या आणि औषध मी घ्यायचं? तेव्हापासून इथली प्रत्येक गाडी दोनदा होते. एकदा बाबा करतात, पुटपुटत मोजतात. मग ते वर आडवे होतात आणि मी परत करते. दहातल्या सात बरोबर असतात. सात काका. एकही नसती बरोबर तर किती सोपं झालं असतं. आणि ज्या बरोबर असतात ना, त्यांत मला कधीकधी एक खटका इकडेतिकडे करावासा वाटतो आणि मी करत नाही, कारण त्यांचंच बरोबर असतं.

आणि मला सोमवारी नोकरीवर हजर व्हायचंय. शॉकअप बनवणारी कंपनी आहे, रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब, तिथल्या चाचणी विभागात. एक यंत्र आहे त्यांच्याकडे, शॉकअप त्यात अडकवला की वरखाली करून तो किती आवरतो याची रेघ काढून देतं. मी मुलाखतीला गेले तेव्हा ती रेघ बघत किती वेळ उभी होते, शेवटी तिथल्या साहेबांनी विचारलं, घरी जायचंय की नाही. तीनदा पुढे ढकललं मी. पहिल्यांदा आईचं आजारपण सांगितलं, दुसऱ्यांदा माझं, तिसऱ्यांदा बहिणीचं लग्न. मला बहीण नाही. आता ते म्हणाले, सोमवार, नाहीतर दुसरी व्यक्ती. बाबांना सांगितलं नाही अजून. सांगितलं तर ते जा म्हणतील, लगेच, हसत म्हणतील — तीच तर पंचाईत. गॅरेज बंद पाडायला निघालेली पोरगी गेली तर त्यांना सुटल्यासारखंच वाटेल की. आणि मंगळवारी कुणाची तरी गाडी येईल, आणि ते पुटपुटत मोजतील, आणि मग ती दुसऱ्यांदा करायला खाली कुणी नसेल.

काय करताय? पट्टा का सोडताय? काका, वजन अजून — बरं, राहू दे वजन. गाडी न्यायचीये तुम्हाला. दुसरीकडे. साहजिक आहे, तुमची मान आहे, तुमचं मनगट आहे. तुमच्या मंडळींनाही सांगावंच लागेल म्हणता, कुणाचा जीव जायचा. तेही बरोबर. सांगा. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या सगळ्यांना कळेल, उद्यापासून इथे कुत्रं फिरकणार नाही, शटर खाली, आणि मी सोमवारी — मला कुणी अडवणार नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही. हेच हवं होतं ना मला?

आणि बाबा कुठे बसतील हो? वर बसवत नाही त्यांना. दारात खुर्ची टाकून बसतील. रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी ऐकतील आणि कुणी थांबत का नाही ते त्यांना समजायचं नाही. दर सकाळी नव्याने समजायचं नाही.

काका, थांबा. तो पट्टा खाली ठेवा. एक मिनिट. मी खोटं बोलले. सगळं. बटणं मीच फिरवली होती. चष्मा आहे मला, बारीक अक्षराला लागतो, वर टेबलावर पडलाय, आणून दाखवू? माझं लक्ष नव्हतं, फोनवर होते, चुकीच्या बाजूने मोजलं आणि वरून बापाच्या माथी मारायला निघाले. असली आहे मी. हे सांगा तुमच्या मंडळींना. मुलगी बेभरवशाची आहे आणि बोलघेवडी आहे, पण म्हातारा अजून पहिल्यासारखाच आहे. बघू नका असं माझ्याकडे. गाडी इथेच राहू दे, तुम्हाला बाबांच्याच हातून हवीये ना, बाबाच करतील, आणि ती बरोबर असेल. मी सांगते ना बरोबर असेल. रविवारी येऊन चोवीसच्या चोवीस खटके स्वतः मोजा हवं तर. आवाज येतोय जिन्यावर. हेल्मेट काढू नका, तोंड दिसतं तुमचं —

या बाबा. हो, झालं वजन, सातशे वीस. काका लाल स्प्रिंगा घेऊन आलेत, कडक आहेत, म्हटलं तुम्ही हात ठेवून बघा आणि तुम्हीच सांगा. बटणं? तुमच्याच हातून हवीत म्हणे त्यांना. माझ्यावर कुठे विश्वास आहे कुणाचा.

काय काका? सोमवारचं काय? काही नाही बाबा, ते विचारतायत सोमवारी मी इथे आहे का. आहे की. कुठे जाणार मी? सोमवारी यांची गाडी ट्रॅकवर न्यायचीये.

उतरा काका आता. बाहेर बाकावर बसा, पेपर आहे तिथे. खटके मोजताना गिऱ्हाईक जवळ थांबलेलं चालत नाही आम्हाला.