दारात वाट बघणारी

एका बँडचं गाणं पहिल्या नंबरवर गेलं, म्हणून अमेरिकेत नॅशव्हिलमध्ये पार्टी होती. बार्बेक्यूच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या: बँडच्या गायकाची बायको ट्वायला आणि गाणं लिहिणाऱ्याची बायको चार्लीन.

"आज स्टेजवरून सांगणारेत हे, गाणं माझ्यावर आहे म्हणून," ट्वायला म्हणाली.

"हो का? छान."

"'दारात वाट बघते, उशीर का झाला विचारत नाही.' ऐकलं की भरून येतं गं."

"तू विचारत नाहीस?"

"विचारते की! म्हणून काय झालं? 'ट्रकमध्ये शेजारी बसते, खिडकीतून केस उडतात वाऱ्यावर.'"

"तुला तर एसी लागतो."

"गाण्यात एवढं चालतं, बाई. तुझ्या नवऱ्यानं लिहिलंय ना? कुणावर ते बोलला का काही?"

"बोलायचंय काय त्यात? मार्चमध्ये आमची कुत्री गेली. घास उतरेना याच्या घशाखाली. हे लिहून काढलं, तेव्हा कुठे जेवला."

ट्वायला सॉस न घेताच रांगेत पुढे सरकली.

"सॉस घे ना."

"चार्लीन, कुणाला सांगू नकोस हं."

"छे गं! ते बघ, स्टेजवरून हाक मारतायत तुला. जा. आणि धावत जा, गाण्यात ती धावतच येते."