मिठागरातली हाक

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, पेण-रोह्याहून आलेले माझे स्वयंसेवक सोबती, आणि आज आपला निरोप घेणाऱ्या नूतनताई,

पाहुण्यांसाठी सांगतो, आमची शाखा म्हणजे सुट्टीच्या दिवशी जमणारी माणसं. इथले शब्द, इथले आवाज रेकॉर्ड करायचे आणि जगाच्या मुक्त ज्ञानकोशात ठेवायचे. कुणीही ऐकावे, कुणीही वापरावे.

वडखळच्या पुढे, खाडीकाठच्या काशीबाईंकडून नूतनताईंनी मिठागराचे शब्द बोलवून घेतले. मध्येच काशीबाईंनी बांधावरून नवऱ्याला हाक मारली, “अवो, येताव का नाय? भाकर थंड झाली!” तीही रेकॉर्ड झाली. त्या हसल्या. “ऱ्हाव दे गो, जाऊं दे जगात माजा आवाज.”

पुढच्या पावसाळ्यात काशीबाई गेल्या.

मग कुणाच्या तरी हळदीला डीजेवाल्याने ती हाक गाण्यात घातली. त्याला दोष कसा द्यायचा? मुभा आपणच दिलेली! ताई त्या दुपारी काशीबाईंच्या मुलीकडे, शांतीकडे, बसल्या होत्या. खाडीवरून स्पीकरमधली ती हाक आली आणि शांतीचे वडील, जनूबाबा, भरल्या ताटावरून उठले. “आलो गो!” म्हणत चालू लागले. दोघी धावत पोचल्या तेव्हा ते भरतीच्या पाण्यात छातीपर्यंत उभे होते. “सोरा माला. ती बोलावतेय.”

शांतीने एवढंच विचारलं, “ताई, आयेला कुटं कुटं सोडलंस गो?”

ताईंनी जगभरच्या स्वयंसेवकांना विनंती करून ती हाक काढून घेतली. बाकीचे शब्द ठेवले. पण पांगलेल्या प्रती कोण गोळा करणार? आजही शेजारच्या कासू गावाकडे स्पीकर वाजला की बाबा घास हातात धरून थांबतात.

ताईंनी नंतर कुणाचाच आवाज घेतला नाही. आता बदलीने रोह्याला चालल्यात. तिथे शाखा काढा म्हणून आम्ही गळ घातली; नाहीच म्हणाल्या.

काल त्या बाबांच्या पाया पडायला गेल्या. मी सोबत होतो. बाबा म्हणाले, “माजं बोलनं भरून घे.”

“बाबा, एकदा गेलं की परत नाय आणता येत.”

“ठाव हाय. तिचं शब्द तिकडं एकलंच हायेत. माजा आवाज तिच्याजवल ठेव.”

 ताईंनी रेकॉर्डर काढला.

परतताना म्हणाल्या, रोह्याला शाखा काढते; तिची पहिली नोंद ती असेल.

मंडळी, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुठे शब्द अडखळला असेल, तर पोटात घाला. शांतपणे ऐकलंत, तुमचे उपकार. ताई, जा. पण काम थांबवू नका.