आदिमानवाचं धोतर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय वामनरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, आपले सत्कारमूर्ती श्री. रुपराव, व्यासपीठावर यायला तीनदा नकार देऊन अखेर बसलेल्या त्यांच्या पत्नी सौ. मनकर्णाताई, आणि कूलरसमोरच्या खुर्च्या आधीच धरून ठेवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

एकतीस वर्षं रुपरावांनी आपल्या संग्रहालयातलं आदिमानवाचं दालन सांभाळलं. त्यांच्या शिस्तीबद्दल इतर वक्ते बोललेच आहेत. मी, या संग्रहालयाची अभिरक्षक, त्यांना दिलेल्या एकमेव मेमोबद्दल बोलते.

सहा वर्षांपूर्वीचा मे महिना. आपल्या आदिमानवाच्या पुतळ्याच्या कमरेचं नकली कातडं कसर लागून झडू लागलं, म्हणून मी ते दुरुस्तीला पाठवलं. दुसऱ्या दिवशी उन्हाळी शिबिराच्या मुली येणार होत्या. सकाळी दालनात पाऊल टाकते तर काय? आदिमानव उमरेडचं काठाचं धोतर नेसून उभा. शिवाय ऊन लागू नये म्हणून डोक्याला दुपट्टा!

मी रुपरावांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, पोरी येऊन राहिल्या. याले असं उघडं कसं ठेवू?"

धोतर सोडायला वेळच नव्हता, मुली दारात आल्या होत्या. त्यातल्या एकीने विचारलं, माणसाने पहिल्यांदा कपडे का घातले? माझा तर पीएचडीचाच विषय! मी थंडी सांगितली, काटे सांगितले. कपड्यातली ऊ डोक्यातल्या उवेपासून लाखभर वर्षांपूर्वी वेगळी झाली, त्यावरून कपड्यांचं वय काढतात, हेही सांगितलं. उवांचं नाव निघताच निम्म्या मुली डोकं खाजवू लागल्या. ती मुलगी मात्र रुपरावांकडे वळली. "काका, तुम्हाले काय वाटते?"

रुपरावांनी पुतळ्याचा दुपट्टा नीट केला. मग म्हणाले, "कोणीतरी पाहून राहिलं असन, बाई."

त्या दिवशी मला याचा राग आला. शास्त्राचा विपर्यास केल्याबद्दल मी मेमो काढला. लेखी खुलासा आला : "चूक मान्य. धोतर पुरातन नसून माझ्या लग्नातले आहे."

ते धोतर काढून दिलं होतं मनकर्णाताईंनी. आदल्या संध्याकाळी रुपराव घरी सांगत होते की, आज त्या पुतळ्याकडे पाठ करून झाडलं. त्यावर ताई म्हणाल्या, "तुमीच सांगता ना, तो आपला पूर्वज हाय? मंग बापाले कोणी असं ठेवते का?"

आठवड्याने कातडं परत आलं. ते चढवायला मी एकटीच गेले. धोतराच्या गाठीला हात घातला, आणि मंडळी, ज्या आदिमानवावर मी चारशे पानं लिहिली, त्याच्यासमोर मला लाज वाटली. मी रुपरावांना हाक मारली आणि काम होईपर्यंत दाराकडे तोंड करून उभी राहिले. मेमो त्याच दुपारी मागे घेतला. का, ते मात्र आज पहिल्यांदाच सांगते आहे.

रुपराव, मनकर्णाताई, आम्ही आपले मनापासून आभारी आहोत. अध्यक्षमहाराज, आपण वेळ दिलात, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्याच्या भरात माझ्याकडून काही उघडं पडलं असेल, तर मोठ्या मनाने ते झाकून घ्यावं.