फ्रिजमधला हिवाळा

अगं, चेन्नईत हिवाळा कुठला? आमच्याकडे तो फ्रिजमध्ये होता! बोन्सायसाठी मागवलेल्या जपानी काळ्या पाइनच्या बिया मी ओल्या कागदात गुंडाळून एका डबीत ठेवल्या होत्या. दही शोधताना ती डबी सासऱ्यांच्या हाती लागली.

"हे काय गं?"

"झाडाच्या बिया, मामंजी. हिवाळा येऊन गेला असं वाटल्याशिवाय त्या उगवत नाहीत."

"अय्यो! म्हणजे त्यांना फसवायचं?"

मग काय, रोज फ्रिज उघडून विचारायचे, "संपला का हिवाळा?"

शेवटी कुंडीत कोंब आला. मामंजी वाकून बघत म्हणाले, "झाड कधी होणार?"

"वीस-पंचवीस वर्षं लागतील. आणि दर वर्षी थंडी हवी."

मामंजी ऐंशीचे. क्षणभर विचार करून म्हणाले, "मग आपल्याला मोठा फ्रिज लागेल."