करडी नाणी कुठे गेली?

शैलाकाकू, मार्ता, आणि इतक्या बर्फात गाड्या काढून आलेल्या सगळ्या मंडळींनो,

मागे उभे आहात त्यांनी पुढे या, खुर्च्या आहेत. शोकसभेत पहिल्या रांगेत बसायला आपण सगळेच बिचकतो. आज मला त्या रांगेकडे बघून बोलणंही जड जातंय.

मी आयुष्यभर वर्तमानपत्रात काम केलं. माणूस गेल्याची बातमी यायची आणि पान छपाईला सुटायच्या आत त्याच्यावर मजकूर द्यायचा. सवयीने हात चालायचा. श्रीनिवासकाकांवरही मी मजकूर लिहून आणला होता. परवाच तयार होता. तो खिशात आहे, आणि खिशातच राहील. आज दुपारनंतर तो वाचण्याचं तोंड मला उरलेलं नाही.

आत येताना डाव्या हाताचं ते लांब टेबल तुम्ही पाहिलंत. पांढरी चादर घातलेलं. आपण ग्रुपवर कळवलं होतं की काकांच्या हंगेरियन नाण्यांचं प्रदर्शन मांडणार. मघाशी एका मुलीने मला विचारलंही, "अंकल, व्हेअर आर द कॉइन्स?" मी तिला म्हटलं, नंतर सांगतो. आता सांगतो. नाणी तिथेच आहेत. चादरीखाली आहेत. चादर मी घातली आहे.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना श्रीनिवासकाका 'हंगेरीकाका' म्हणूनच माहीत. गणपतीत, पिकनिकला, कुणाच्या बारशाला, कुठेही खिशातून नाणं काढणारे काका. "काका, दोनच मिनिटं हं, जेवणं थंड होतायत," असं म्हणून आपण हसायचो. तेही हसायचे. "दोन मिनिटांत हंगेरीचं एक सरकारसुद्धा बदलत नाही रे," म्हणायचे, आणि नाणं परत खिशात घालायचे. आपल्याला त्यांचं वेड ठाऊक होतं. वेड कशाचं, ते किती जणांना ठाऊक होतं? हात वर करू नका. मीही केला नसता.

काका धातूंचे इंजिनियर. नागपूरहून अमेरिकेत आले आणि इथे वुस्टरच्या तारेच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. शेजारच्या टेबलावर इमरे होता. मार्ताचे वडील. हंगेरीतला छप्पन सालचा उठाव मोडला गेल्यावर, विशीही न गाठलेला हा मुलगा चालत सीमा ओलांडून आला होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत इमरेने काकांच्या डब्याशेजारी एक नाणं ठेवलं. मधे भोक असलेलं, पिसासारखं हलकं. "धातू ओळख, देश ओळख." काकांनी तळहातावर तोललं आणि सांगितलं, ॲल्युमिनियम. देश काही सांगता आला नाही. इमरे म्हणाला, "माझा देशही बऱ्याचदा असाच गोंधळतो." ती मैत्री तिथे सुरू झाली. पुढे रविवार रविवार दोघांनी नाण्यांच्या बाजारात घालवले. इमरे गेल्यावर दोघांचा संग्रह काकांकडे राहिला. काकांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, "माझ्यानंतर हे मार्ताचं."

तो संग्रह म्हणजे काय, हे काकांनी मला स्वतःच्या स्वयंपाकघरात बसवून सांगितलं होतं. "दिलीप, तू पेपरवाला ना? मग हे वाच." त्यांनी लाकडी ट्रे पुढे ओढला. पहिल्या ओळीत सम्राटाच्या काळातलं कोरोना नावाचं नाणं, आणि त्यावर टांकसाळीच्या गावाची अक्षरं. मग पहिलं महायुद्ध हरलं आणि ते गावच दुसऱ्या देशात गेलं. "गाव हललं नाही रे. सीमा हलली. आणि नाण्यावरची अक्षरं बदलली." मग पेंगो आला, चांदीचा. मग दुसरं महायुद्ध. इथे काकांचा आवाज हळू झाला. "आता धातू बघ. चांदी गेली. निकेल गेलं, तोफांना लागत होतं. तांबं गेलं. मग पोलाद आलं, मग जस्त, मग ॲल्युमिनियम. युद्ध कसं चाललंय ते सरकार सांगत नव्हतं. खिशातली चिल्लर सांगत होती."

जस्ताची ती नाणी करड्या रंगाची होती. मळकट, खडूसारखी. मी म्हटलं, "काका, ही जरा पुसायची तरी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तो मळ नाही. तो धातूचा आपला रंग आहे, आणि वर माणसांचे हात आहेत." मी मान डोलावली. मान डोलवायची सवयही पेपरातच लागते.

त्यानंतर ट्रेमध्ये एक खण रिकामा होता. मी विचारलं, हरवलं का? काका म्हणाले, "नाही. युद्धानंतर भाव इतके सुटले की कितीचं नाणं पाडायचं तेच कळेना. नोटांवर शून्यं वाढत गेली, नाण्यांनी हात टेकले. त्या महिन्यांची ही जागा. ती अशीच राहणार." पुढच्या खणात शेहेचाळीस सालचा फोरिंट. नवा पैसा. इमरेच्या आईने म्हणे तो हातात आल्यावर चावून बघितला. "ॲल्युमिनियमचा होता," काका म्हणाले, "दातापुढे काय टिकतोय! पण पुन्हा चावून बघावंसं वाटेल असा पैसा आला, हेच केवढं." आणि मग पुढच्या सगळ्या ओळी. नाण्यांवर देशाच्या नावात आधी प्रजासत्ताक, मग लोकांचं प्रजासत्ताक, मग पुन्हा नुसतं प्रजासत्ताक, आता तेही नाही, फक्त देशाचं नाव. पक्षी आले, फुलं आली. अगदी लहान नाणी बंदही झाली.

हे सगळं मला आठवतंय, मंडळी. आज लख्ख आठवतंय. काल आठवलं नाही.

काल दुपारी इथे, याच हॉलच्या किचनमध्ये, तयारी चालली होती. फोटोपुढे ठेवायची समई, तांब्या, ताम्हन घासायला काढली होती. मोठ्या पातेल्यात चिंचेचं पाणी आणि मीठ. मी काकूंकडून ट्रे घेऊन आलो. काकूंनी देताना सांगितलं होतं, "अहो, सांभाळून. सगळ्या घरातली धूळ पुसली मी, या ट्रेला मात्र ह्यांनी कधी हात लावू दिला नाही." मी हसलो. मला वाटलं, नवऱ्याबायकोची गंमत आहे.

समई घासत असलेल्या मेधाने ट्रे उघडून बघितला. म्हणाली, "दिलीपकाका, ही तर आमच्या आजीच्या समईपेक्षा काळी पडलीयेत."

मी म्हटलं, "मग समईसारखीच कर की चकाचक. उद्या लोक बघायला येणार आहेत."

मेधा, मान वर कर. तू विचारलं होतंस. सांगितलं मी.

आपल्याकडे माणूस गेला की घरातल्या वस्तू उजळून ठेवतात. काल त्या किचनमध्ये सात-आठ जणींनी जीव लावून काम केलं. काकांच्या गोष्टी सांगत, हसत, मधेच डोळे पुसत. त्यांच्या प्रेमात खोट नव्हती. चांदी, तांबं, पोलाद, जस्त, सगळं एकाच पातेल्यात गेलं. कुणीतरी म्हणालं, "बुडबुडे येतायत बघ, मळ निघतोय." मी ते ऐकलं आणि पुढे खुर्च्या मांडायला गेलो. ज्या माणसाने मला एकेका धातूचं नाव शिकवलं, त्याचं जस्त माझ्यामागे आंबटात विरघळत होतं आणि मी खुर्च्या सरळ करत होतो.

संध्याकाळी नाणी मांडली. रिकाम्या खणात मीच एक जास्तीचं नाणं ठेवलं. मोकळं बरं दिसत नव्हतं ना.

आज दुपारी मार्ता लवकर आली. हातात घरी केलेला खसखशीचा रोल, तो तिकडे चहाजवळ आहे. टेबलाशी गेली. वाकून एकेक ओळ बघितली. मग मला विचारलं, "करडी नाणी कुठे गेली?"

मी म्हटलं, "हीच ती."

तिने एक उचललं. पातेल्यातल्या पाण्यात उतरलेलं तांबं चढून ते लालसर झालं होतं. शेजारचं पोलादाचंही तसंच. अक्षरं बोथटलेली, एकावर तर देशाचं नावच लागत नव्हतं. चांदीवर घासणीचे ओरखडे. कुठलं सुबत्तेतलं आणि कुठलं युद्धातलं, आता रंगावरून कळत नाही. सगळी सारखी दिसतात. इतकी सरकारं आली, कुणाला जमलं नाही ते आम्ही एका दुपारी केलं.

तिने विचारलं, "कशाने?" मी म्हटलं, "चिंचेने." हा शब्द मी जन्मात इतक्या खालच्या आवाजात उच्चारला नव्हता.

काकूंना मीच जाऊन सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "अहो, ते होते तेव्हा तुम्ही कुणी त्यांना काही विचारलं नाहीत. गेल्यावर तरी मला विचारायचं होतंत." मग मार्ताकडे वळून म्हणाल्या, "यू विल स्टिल टेक, ना?"

मार्ताने काकूंचा हात धरला आणि घेईन म्हणाली. मग तिने त्या खणात मी घातलेलं नाणं काढलं, खण रिकामा केला, आणि मला म्हणाली, "लोकांना सांगा. मी सांगितलं तर ती तक्रार होईल. तुम्हीच सांगा."

म्हणून सांगितलं. प्रदर्शन रद्द झालं, असं एका ओळीत ग्रुपवर टाकता आलं असतं. मी टाईपही केलं होतं. पाठवलं नाही.

मंडळी, काका आपल्यात इतकी वर्षं होते. आपण त्यांना वाढदिवसाला शाल दिली, स्टेजवर बसवलं, त्यांच्यासोबत फोटो काढले. त्यांच्या हातात काय आहे, ते का दाखवतायत, हे मात्र दोन मिनिटांच्या वर ऐकलं नाही. ऐकलं असतं, तर काल सात-आठ जणींपैकी एकीला तरी पातेल्यापाशी थांबावंसं वाटलं असतं. मला तर वाटायलाच हवं होतं. मला सांगितलेलं होतं.

मार्ता, तुझी क्षमा मी या माईकवरून मागत नाही. माईकवर मागितलेल्या क्षमेला नाही म्हणता येत नाही. मी तुझ्या घरी येईन. तेव्हा तुला जे म्हणायचं ते म्हण.

आता उभे राहू या. थोडा वेळ शांत राहू. फोन बंद करा. मुलं बोलली तर बोलू द्या, त्यांना गप्प करू नका.

त्यानंतर मी चादर काढणार आहे. सगळ्यांनी त्या टेबलाजवळून जावं अशी माझी विनंती आहे. मला धीर द्यायला म्हणून कुणी "तशी बरी दिसतायत" म्हणू नये. ती बरी दिसत नाहीत. बघा, आणि पुढे जा.

श्रीनिवासकाका, नमस्कार करतो. मान वर करून करता येत नाही, खाली घालूनच करतो.